गाडीत पाणी येतंय, पण कुठून?

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, जिथं वाक्य फारच लांबत गेलं तिथं थोडं आवरलंय.

मागं पावसाचा आवाज येत असेल तर येऊ दे, आजच्या विषयाला धरूनच आहे.

माझी गाडी पाच दिवस साताऱ्यात असते आणि शनिवार-रविवार सांगलीत. नोकरी इकडं, आई-वडील तिकडं विश्रामबागला. मधे कराड, पेठ नाका, आष्टा असा नेहमीचा रस्ता. तर एका जुलैत मी आईला दवाखान्यात घेऊन निघालो होतो. ती शेजारच्या सीटवर बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "अरे, पायाखाली काहीतरी गार लागतंय." मी म्हटलं, छत्रीचं पाणी असेल. ती म्हणाली, "छत्री मागं आहे."

मॅट दाबून बघितली तर कडेनं पाणी वर आलं. माझ्या गाडीत ती जाड, शिवलेली सेव्हन-डी मॅट होती. वरून एकदम कोरडी, चकचकीत. ती उचलली तर खालचं कार्पेट भिजलेलं, आणि कार्पेटच्या खाली जो फोमसारखा जाड थर असतो तो तर पाणी प्यायलेला, भिजलेल्या गादीसारखा. म्हणजे हे कालचं नव्हतं. पंधरा दिवस तरी चाललं असणार आणि मला पत्ता नव्हता. गाडीत कुबट वास येत होता, त्यावर मी काय केलं होतं? डॅशबोर्डवर अत्तराची बाटली लावली होती!

त्याच आठवड्यात मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. तोपर्यंत मी हे प्रकरण 'जरा ओलं झालंय' असंच धरून चाललो होतो. पण सीटखालून वायरी जातात, आणि त्यांचे जोड जमिनीला टेकलेले असतात. पिवळ्या रंगाचा जोड दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा. काही गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्सच मधल्या कन्सोलखाली, जमिनीवर बसवलेला असतो. पाणी तिथं पोचलं की आधी जोड हिरवे पडतात, मग दिवा लागतो, आणि दिवा लागलेला असताना धडक झाली तर बॅग उघडेल की नाही याची खात्री देता येत नाही. सीटवर आई बसलेली. म्हणून सांगतो, ओलं कार्पेट हा फक्त वासाचा प्रश्न समजू नका.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी एक नजर टाकली आणि निदान केलं, "पुढची काच गळतीय." काचेच्या कडेनं सिलिकॉन भरलं, पैसे घेतले. आठवडाभर पावसानं उघडीप दिली, गाडी कोरडी राहिली, मी खूश. पाऊस परत सुरू झाला आणि पाणी परत आलं.

मग कराडला एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. वय झालेलं, गॅरेज मुलं बघतात, हे खुर्ची टाकून बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, वल्लं कुठं झालंय ते सगळ्यांनाच दिसतंय. पानी शिरलं कुठनं ते कोन बघितलं का?"

आता सांगलीकरांना हे कुणी शिकवायला नको खरं तर. सांगलीत वर्षाला पाऊस पडतो पाच-सहाशे मिलिमीटर, म्हणजे दुष्काळी म्हणावा असाच. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ते पाणी काय सांगलीच्या आभाळातून पडलं होतं? मुख्यतः ते महाबळेश्वर, कोयना, वारणा या पट्ट्यात पडलं आणि उतार धरून खाली आलं. कराडला प्रीतिसंगमावर कोयना मिळाली, पुढं सांगलीजवळ वारणा मिळाली, आणि घरं बुडाली ती सांगलीत. गाडीत अगदी हेच होतं. पाणी शिरतं एकीकडं, पत्र्याच्या घडीतून, वायरीच्या अंगानं, खांबाच्या आतून उतरत जातं आणि साचतं जिथं सगळ्यात खोल जागा आहे तिथं. ओलं झालेली जागा म्हणजे गाडीची सांगली. आपल्याला महाबळेश्वर शोधायचंय.

पहिला प्रश्न: पाणी कुठलं?

मिस्त्रींनी मला काही उघडायच्या आधी विचारलं, "पाऊस नसताना बी येतंय का?" हा प्रश्न आधी विचारायचा. कारण गाडीत पावसाशिवायही पाणी असतं.

एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, आणि ते एसी चालवल्यावरच येतं. इंजिनाचं कूलंट हिटरच्या छोट्या रेडिएटरमधून गळत असेल तर ते बोटाला चिकट, तेलकट लागतं, गोडसर वास येतो, काचेवर आतून न पुसला जाणारा धूसर थर बसतो आणि बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरते. चव घेऊन बघू नका, विषारी असतं ते. मागं वायपर असलेल्या छोट्या गाड्यांत त्याची पाण्याची नळी पुढून मागपर्यंत गाडीच्या आतून जाते. ती निसटली की काच धुवायचं बटण दाबल्यावर आतच अभिषेक, आणि पाण्याला साबणाचा वास. हे सगळं नाही आणि पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच येतंय, तर ते बाहेरचं पाणी.

माझं पावसाचं होतं. निदान त्या वर्षी तरी.

गुलमोहर

पुढच्या काचेच्या खाली, बॉनेट संपतं तिथं काळी प्लॅस्टिकची जाळी असते ना, वायपर जिच्यातून वर येतात, तिला गॅरेजवाले काउल म्हणतात. काचेवरून उतरणारं सगळं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून, चाकाच्या वरच्या बाजूनं, बाहेर पडतं. आता गंमत अशी की गाडीच्या आतल्या पंख्याला ताजी हवा पण त्याच पन्हाळीतून मिळते. हवेचं तोंड थोडं उंचावर ठेवलेलं असतं, म्हणजे पाणी खालून निघून जावं आणि हवा वरून आत यावी. भोकं तुंबली की पन्हाळ भरते, पाणी हवेच्या तोंडापर्यंत चढतं आणि ब्लोअरमधून थेट शेजारच्या सीटच्या पायाशी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते तोंड डाव्या बाजूलाच असतं. आईचे पाय का भिजले, कळलं ना?

साताऱ्यात माझी गाडी गुलमोहराखाली लागते. आंब्याचं पान मोठं असतं, जाळीवरच अडकतं, हातानं काढता येतं. गुलमोहराची, चिंचेची, बाभळीची पानं म्हणजे नखाएवढी. ती जाळीतून सरळ खाली जातात आणि तिथं कुजून काळा चिखल होतो. मिस्त्रींच्या मुलानं वायपर काढले, जाळी उचलली आणि आतून घमेलंभर नाही म्हणत, पण चांगलं दोन ओंजळी खत काढलं. त्यात एक चिंचोका रुजलेला होता, खोटं नाही सांगत.

खात्री करायची सोपी खूण म्हणजे एसीचा केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागं असतो, दोन मिनिटांत निघतो. पावसानंतर तो ओला किंवा डाग पडलेला असेल तर वाट बहुतेक काउलमधूनच आहे. मला पहिल्या गॅरेजनं हा फिल्टर काढून बघितला असता तर काचेला हात लावायची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, रस्ते उताराचे. माझी गाडी तोंड वर करून लागली की पाणी मागच्या सीटच्या पायाशी सापडायचं. सांगलीत सपाटीवर लागली की पुढंच. मी आपला समजत होतो दोन वेगळ्या गळती आहेत. पाणी एकच, गाडीचा कल वेगळा. त्यामुळं मागं ओलं दिसलं तरी गाडी रात्री कशी उभी होती ते आधी आठवा.

दारं, डिक्की आणि वरून लावलेल्या वस्तू

दाराबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. काचेच्या बाहेरच्या रबराजवळून दारात पाणी जातं आणि ते जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते. दाराच्या पोकळीत पाणी उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या मागं एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकानं लावलेला असतो. आता तुम्ही नवे स्पीकर बसवले, पॉवर विंडो दुरुस्त केली, तर तो कागद फाडला जातो आणि कुणीही तो नीट परत लावत नाही. पाणी मग पॅडच्या आतून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली. दार उघडताना आत खळखळ आवाज आला तर तळाची भोकं बुजली आहेत. काळ्या मातीच्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाडीत ती चिखलानं बुजतात, आणि कधीकधी गंजरोधक कोटिंग मारणारा पोऱ्या त्यांच्यावरूनच फवारा मारून जातो. काडीनं मोकळी करायची, बस.

डिक्कीत पाणी असेल तर स्टेपनीचा खड्डा बघा. वाट बहुतेक वेळा मागच्या लाइटच्या मागचं रबर, डिक्कीच्या दाराचं बिडिंग, किंवा बंपरच्या मागं लपलेली हवेची झडप. ही झडप असते हेच अनेकांना माहीत नसतं. दार लावल्यावर आतली हवा बाहेर जावी म्हणून ती असते. मागून कुणी ठोकलं, बंपर काढून बसवला आणि झडपेचं रबर वाकडं बसलं की चाकाचं उडालेलं पाणी आत.

वरून लावलेल्या वस्तूंचा मी आता धसकाच घेतलाय. शार्कच्या पंखासारखी अँटेना, छतावरचा कॅरिअर, मागचा कॅमेरा: प्रत्येकासाठी कुणीतरी पत्र्याला भोक पाडलेलं असतं. सनरूफवाल्यांना एकच सांगतो, सनरूफच्या काचेच्या कडेनं थोडं पाणी आतल्या पन्हाळीत जाणं गृहीतच धरलेलं असतं, ते चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून खाली जातं. छताच्या कापडावर डाग दिसला की रबर बदलायच्या आधी त्या नळ्या बघा. त्यांत जोरात हवा मारू नका, नळी जोडातून निसटली तर काम दहापट वाढतं.

शोधायचं कसं

दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. आतल्यानं मॅट, शक्य असेल तर उंबऱ्याच्या पट्ट्या काढायच्या, कार्पेट उचलायचं, सगळं पुसून कोरडं करायचं आणि खाली वर्तमानपत्र पसरायचं. ओल्या गाडीत गळती सापडत नाही.

बाहेरच्यानं बागेच्या पाइपनं, पुढचा नोझल काढून, नुसतं पाणी सोडायचं. आणि इथं महत्त्वाचं: खालून वर जायचं. आधी उंबरा, मग दाराची खालची कड, मग काचेची खालची कड, काउल, मग वरची कड, छत सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी किमान पाच-सात मिनिटं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो आणि नसलेली गळती दाखवतो.

आतल्या कोरड्या कडेवर बारीक रांगोळी किंवा खडूची पूड भुरभुरा. पाणी जिथून उतरलं तिथं तिच्यात रेघ उमटते. रेघ खालून वर वाचत गेलात की तोंड सापडतं. घरात रांगोळी असतेच, वेगळा खर्च नाही. दाराचं रबर बघायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. एका जागी सैल निघाली तर तिथं रबर बसलंय किंवा बिजागरी कललीय.

पाण्यानं सापडलं नाही तर उलटी युक्ती. सगळ्या काचा बंद, ब्लोअर पूर्ण जोरात, हवा बाहेरून घ्यायच्या खुणेवर. बाहेर शिवणींवर साबणाचा फेस लावा. आतला दाब फटीतून बाहेर येतो आणि तिथं बुडबुडे धरतात. काचेच्या आणि लाइटच्या कडेला हे छान चालतं.

फट सापडली की लगेच घरातलं सिलिकॉन घेऊन सुटू नका. बाथरूमच्या फरशीला लावतात ते, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन, वाळताना आम्ल सोडतं आणि त्याच्याखाली पत्रा गंजतो. वर रंगही धरत नाही. माझ्या काचेच्या कडेला तेच भरलं होतं, ते खरवडून काढायला अर्धा दिवस गेला. पत्र्याच्या शिवणीला पॉलियुरेथेनचं बॉडी सीलंट, दाराच्या कागदाला ब्युटाइलची चिकट पट्टी, लाइटला नवं गॅस्केट. आणि पन्हाळीची भोकं कधीही, कधीही बुजवायची नाहीत. हसू नका, 'इथनं पाणी येतंय' म्हणून निचऱ्याचं भोकच एम-सीलनं बंद केलेली गाडी मी बघितलीय.

वाळवणं

हा भाग लोक टाळतात. वरचं कार्पेट उन्हात दोन तासांत वाळतं, खालचा थर आठवडा घेतो. तो न वाळवता मॅट टाकली तर बुरशी धरते, आणि दमा असलेल्या माणसाला त्या गाडीत बसवत नाही. कार्पेट पूर्ण सोडवायचं असेल तर सीट काढावी लागते. त्याआधी बॅटरीची ऋण तार काढा, दहा मिनिटं थांबा, मगच पिवळे जोड सोडवा, आणि सगळं परत जोडेपर्यंत चावी फिरवू नका. हे जमत नसेल तर गॅरेजमध्येच करा, त्यात कमीपणा नाही. मी तिथंच केलं. हिरवा पडलेला जोड साफ केला, स्कॅनर लावला, दिवा गेला. घरी आल्यावर साताऱ्याच्या पावसात वाळवायचं कुठं? फोमचे तुकडे सांगलीला नेले आणि गच्चीवर दोन दिवस पसरले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पापड का?"

आणि पुढच्या जूनात

पाऊस यायच्या आधीचा तो चिकट उकाडा. साताऱ्याहून एसी लावून सांगलीला पोचलो, आणि आईच्या बाजूला परत ओलं! आभाळात ढग नाही. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं.

पण आता प्रश्न विचारायला शिकलो होतो. पाऊस नाही, एसी होता, पाणी स्वच्छ, आणि वळणावर डॅशबोर्डमधून खळखळ आवाज. दमट हवेत एसी तासाला पाऊण-एक लिटर पाणी सहज काढतो. ते गाडीखाली टपकायला हवं. उभ्या गाडीखाली ओला डाग पडला नाही तर ते आत साचतंय. गाडीखाली निचऱ्याच्या नळीचं तोंड बघितलं तर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. मऊ प्लॅस्टिकच्या तारेनं हलकं मोकळं केलं, लोखंडी तार घातली नाही कारण आत एसीची जाळी फुटू शकते. भस्सकन पाणी माझ्या बाहीवरून खाली आलं. शून्य रुपये खर्च.

एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता, जुनी गाडी घेतेय, पुराची तर नाही ना कसं ओळखू? सांगलीत २०१९ आणि परत २०२१ला पाणी आलं, प्रश्न रास्त आहे. पुराचं पाणी वरून गळत नाही, खालून चढतं आणि गाळ ठेवून जातं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि टोकाला मळाची रेघ बघा. सीटच्या रुळाचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या गुंडाळ्यांत सुकलेला चिखल बघा. जुन्या गाडीत अगदी नवं कार्पेट असेल तर का, ते विचारा. आणि स्वतःची गाडी कधी पाण्यात उभी राहिली तर स्टार्ट मारू नका, टो करून न्या. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर पूर त्यात येतो, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पण पाणी गेलेलं इंजिन चालू करून बिघडवलं तर ते नुकसान इंजिनाचं वेगळं कव्हर असल्याशिवाय सहसा नाकारतात. झिजलेल्या रबरातून झालेली गळती मात्र कुठल्याच विम्यात बसत नाही.

गाडी अजून त्याच गुलमोहराखाली लागते, दुसरी जागाच नाही. मे संपता संपता काउलची जाळी उचलतो, आणि पावसाळ्यात दर रविवारी पन्हाळीत तांब्याभर पाणी ओतून दोन्ही चाकांमागं धार पडते का बघतो. ती सेव्हन-डी मॅट काढून टाकलीय. आता साध्या रबरी मॅट आहेत, पाणी आलं तर दिसतं. आई बसताना अजून एकदा पायानं चाचपून बघते.

चला, पाऊस वाढलाय. पुढच्या भागात भेटू.